कामाच्या वेळेबाहेरील कार्यालयीन प्रवास आणि त्याचा मोबदला : एक विवेचन

गोषवारा

नोकरीच्या निमित्ताने करावा लागणारा प्रवास अनेकदा नियमित कामाच्या वेळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री घडतो. अशा प्रवासाचा खर्च भरून देण्याची पद्धत भारतात सर्वत्र रूढ आहे. प्रवासातील अपघाताची जबाबदारीही न्यायालयीन निर्णयांमुळे आणि कायद्यातील बदलांमुळे बऱ्याच अंशी निश्चित झाली आहे. मात्र त्या प्रवासात कर्मचाऱ्याचा जो वेळ खर्ची पडतो त्याचा विचार आपल्याकडील नियमांत जवळजवळ झालेला नाही. अमेरिका आणि युरोप येथील कायदेशीर व्यवस्थांचा परामर्श घेऊन, खर्च, जोखीम आणि वेळ या तीन घटकांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि महाविद्यालयीन प्रशासनाला उपयुक्त ठरेल अशी दिशा सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूचक शब्द : कामाची वेळ, कार्यालयीन प्रवास, प्रवासभत्ता, दैनिक भत्ता, बदली सुट्टी, कर्तव्य रजा.

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीनंतर कामगार चळवळीने जे प्रश्न प्रथम हाती घेतले त्यांत कामाच्या तासांचा प्रश्न अग्रभागी होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये स्वीकारलेला पहिलाच करार उद्योगांतील कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ असे मर्यादित करणारा होता. भारताने १९२१ मध्ये त्यास मान्यता दिली. कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत ही मर्यादा मोजणे तुलनेने सोपे होते. भोंगा झाला की काम सुरू आणि पुन्हा भोंगा झाला की काम संपले, अशी त्याची विभागणी स्पष्ट होती.

परंतु ज्यांचे काम एका छपराखाली होत नाही, त्यांच्या बाबतीत ही मोजणी अवघड ठरते. औषध कंपनीचा प्रतिनिधी, यंत्रदुरुस्ती करणारा तंत्रज्ञ, बँकेचा अंतर्गत तपासनीस, निवडणुकीच्या कामावर नेमलेला शिक्षक, दुसऱ्या गावी बाह्य परीक्षक म्हणून जाणारा प्राध्यापक या सर्वांच्या कामात प्रवास अटळ असतो. तो त्यांनी स्वतःच्या इच्छेने केलेला नसतो. वेळ आणि ठिकाण दोन्ही नियोक्ता किंवा त्याने मान्य केलेली संस्था ठरवते. तरीही रविवारी दुपारी घर सोडून सोमवारच्या बैठकीला पोहोचणाऱ्या कर्मचाऱ्याचा रविवार हा नियमांच्या दृष्टीने त्याचा सुट्टीचा दिवसच राहतो. या विसंगतीचे परीक्षण करणे आवश्यक आहे.

विषयाची मर्यादा

घर ते नेहमीचे कामाचे ठिकाण आणि परत, हा दैनंदिन प्रवास प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय नाही. कर्मचारी कोठे राहतो हे बहुधा त्याच्या निवडीवर अवलंबून असते, आणि म्हणून तो वेळ कामाचा न मानण्याकडे जगभरातील कायद्यांचा कल आहे. येथे विचार करावयाचा आहे तो नेहमीच्या ठिकाणाव्यतिरिक्त अन्यत्र, नियोक्त्याच्या आदेशाने आणि नियमित वेळेबाहेर केलेल्या प्रवासाचा. दैनंदिन प्रवासाचा उल्लेख तुलनेपुरता आणि अपघाताच्या संदर्भात येईल.

तीन घटक : खर्च, जोखीम आणि वेळ

कामासाठी केलेल्या प्रवासात कर्मचाऱ्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे पैसा : भाडे, जेवण आणि मुक्काम यांचा खर्च. दुसरी म्हणजे सुरक्षितता : प्रवासातील अपघाताचा धोका तो पत्करतो. तिसरी म्हणजे वेळ : जो वेळ त्याने विश्रांती, कुटुंब किंवा स्वतःचा अभ्यास यांना दिला असता तो तो प्रवासाला देतो. या तिन्ही घटकांची भरपाई वेगवेगळ्या तत्त्वांवर आधारलेली असते. पण व्यवहारात ‘प्रवासभत्ता दिला म्हणजे सर्व काही दिले’ असा समज दिसतो. हा समज या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

खर्चाची भरपाई

भारतीय प्रशासनातील प्रवासभत्त्याची व्यवस्था ब्रिटिश काळापासून चालत आलेली आहे. केंद्र शासनाच्या मूलभूत नियमांपैकी ४४ व्या नियमात असे तत्त्व सांगितले आहे की, भरपाई स्वरूपाचे भत्ते असे ठरवावेत की एकंदरीत ते घेणाऱ्यास नफ्याचे साधन होऊ नयेत. याचा अर्थ स्पष्ट आहे. प्रवासभत्ता हा मेहनताना नव्हे. तो झालेल्या खर्चाची परतफेड आहे.

वरवर पाहता दैनिक भत्ता हा वेळेशी जोडलेला वाटतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये केंद्राने काढलेल्या आदेशानुसार मुख्यालयापासूनची अनुपस्थिती ६ तासांपेक्षा कमी असल्यास ३० टक्के, ६ ते १२ तास असल्यास ७० टक्के आणि १२ तासांहून अधिक असल्यास १०० टक्के भोजनखर्च देय ठरतो. येथे तास मोजले जातात हे खरे. पण ते किती वेळा जेवावे लागेल याचा अंदाज घेण्यासाठी मोजले जातात, कर्मचाऱ्याच्या वेळेचे मूल्य ठरविण्यासाठी नव्हे. म्हणूनच तो प्रवास कामाच्या दिवशी झाला की सुट्टीच्या दिवशी, याने भत्त्याच्या रकमेत फरक पडत नाही.

वेतन संहिता, २०१९ मध्येही हीच दृष्टी आढळते. ही संहिता इतर तीन श्रमसंहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या ‘वेतन’ या संज्ञेतून वाहनभत्ता, प्रवाससवलतीचे मूल्य आणि नोकरीच्या स्वरूपामुळे करावा लागणारा विशेष खर्च भागविण्यासाठी दिलेली रक्कम वगळण्यात आली आहे. (वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा भाग वेतनात धरण्याची तरतूद स्वतंत्र आहे.) प्रवासभत्ता हा वेतनाचा भाग नाही, हे कायदाच सांगतो. मग तो वेळेचा मोबदला कसा मानता येईल, हा प्रश्न उरतो.

जोखमीची भरपाई

प्रवासातील अपघाताच्या बाबतीत भारतीय न्यायव्यवस्थेने बरीच मजल मारली आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानुसार भरपाई मिळण्यासाठी अपघात ‘कामामुळे आणि कामाच्या ओघात’ घडलेला असणे आवश्यक होते. काम नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते यावर पुष्कळ वाद झाले. त्यातून कामाच्या जागेचा आणि वेळेचा काही प्रमाणात काल्पनिक विस्तार करता येतो, हे तत्त्व पुढे आले. १९५८ मध्ये सौराष्ट्रातील मीठ कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. पण खाडी ओलांडताना होडी बुडून मरण पावलेल्या कामगारांना त्याचा लाभ दिला नाही, कारण तो मार्ग सार्वजनिक होता.

या संदर्भात मुंबईतील बेस्ट उपक्रमाचा १९६३ चा खटला विशेष उद्‌बोधक आहे. जोगेश्वरी आगारात दिवसाचे काम संपवून सांताक्रुझ येथे घरी जाण्यासाठी एक बसचालक उपक्रमाच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. त्या बसला अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला. त्याचे चालकाचे काम तर संपलेले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने भरपाई मान्य केली. एवढ्या मोठ्या शहरात विखुरलेल्या कर्मचाऱ्यांना वेळेवर कामावर आणणे ही सेवेचीच गरज होती. चालकांना बसमधून प्रवास करण्याची मुभा त्या गरजेपोटीच दिलेली होती. म्हणून तो प्रवास कामाच्या ओघातील ठरला. प्रवास कोणाच्या हितासाठी होतो, ही कसोटी या निर्णयात महत्त्वाची ठरली.

पुढे १९९६ मध्ये राज्य विमा महामंडळाच्या एका प्रकरणात न्यायालयाने याउलट भूमिका घेतली. कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर सायकलवरून जाताना लॉरीची धडक बसलेल्या कामगाराची दुखापत ही नोकरीतील दुखापत नाही, असे ठरले. त्यानंतर २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम घालण्यात आले. घर आणि कामाचे ठिकाण यांमधील प्रवासात झालेला अपघात हा परिस्थिती, वेळ व ठिकाण यांचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास कामाच्या ओघातील मानला जाईल, अशी तरतूद त्याद्वारे झाली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या वारसांनी केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लागू केले. २००३ मध्ये तो पहाटेच्या पाळीसाठी मोटरसायकलने निघाला असता वाटेत अपघातात मरण पावला होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ही तरतूद आता समाविष्ट आहे.

येथे एक विरोधाभास दिसतो. प्रवासात कर्मचारी मरण पावला किंवा जायबंदी झाला तर तो ‘कामावर’ होता असे कायदा मानतो. तो सुखरूप पोहोचला तर मात्र तोच वेळ त्याचा खाजगी वेळ ठरतो. अपघाताच्या तरतुदींचा हेतू वेगळा आहे हे मान्य केले तरी ही तफावत विचार करायला लावणारी आहे.

वेळेची भरपाई : अमेरिकेचा अनुभव

वेळेच्या प्रश्नावर सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेत आढळतात. १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्याने आठवड्याच्या ठरावीक तासांपलीकडील कामासाठी दीडपट वेतन बंधनकारक केले. ही मर्यादा पुढे ४० तासांवर स्थिरावली. पण ‘काम’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती. १९४४ मध्ये लोखंडाच्या खाणींतील कामगारांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या तोंडापासून प्रत्यक्ष खोदकामाच्या जागेपर्यंतचा भूमिगत प्रवास हे काम आहे असे ठरवले. १९४६ मध्ये एका मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात कारखान्याच्या आवारात कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळही मोजावा, असा निर्णय झाला. परिणामी १ जुलै १९४६ ते ३१ जानेवारी १९४७ या सात महिन्यांत १,५०० हून अधिक दावे दाखल झाले आणि मागणीची रक्कम जवळजवळ ६ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. उद्योगांच्या दबावाखाली अमेरिकी काँग्रेसने मे १९४७ मध्ये ‘पोर्टल-टू-पोर्टल’ कायदा संमत करून मुख्य कामाच्या जागेपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ मोबदल्यातून वगळला.

त्यानंतर अमेरिकी श्रम विभागाच्या नियमांनी प्रवासाचे प्रकार पाडले. घर ते कार्यालय हा प्रवास काम नाही. दिवसभराच्या कामाचा भाग म्हणून एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे हे काम आहे. एका दिवसासाठी दुसऱ्या शहरात पाठवल्यास तो प्रवास, नेहमीच्या ये-जा करण्याचा वेळ वजा करून, काम ठरतो. मुक्कामी प्रवासाच्या बाबतीत मात्र वेगळाच निकष आहे. प्रवासाचा जेवढा भाग कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या कामाच्या तासांवर येतो तेवढा कामाचा. मग तो दिवस सुट्टीचा असला तरी. त्या तासांबाहेर प्रवासी म्हणून रेल्वे, विमान, बस वा मोटारीत घालवलेला वेळ कामाचा धरला जात नाही. पण जो स्वतः नियोक्त्याच्या आदेशाने वाहन चालवतो, किंवा प्रवासात प्रत्यक्ष काम करतो, त्याचा तो वेळ कामाचाच मानला जातो.

या निकषातून सुटणाऱ्या तासांचा विचार अमेरिकेने आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरता स्वतंत्रपणे केला. २००४ च्या एका कायद्याने २८ जानेवारी २००५ पासून अशी सोय झाली की, कार्यालयीन प्रवासाचा जो वेळ अन्य कोणत्याही तरतुदीखाली मोबदल्यास पात्र ठरत नाही, त्याबद्दल तेवढ्याच वेळेची बदली सुट्टी कर्मचाऱ्यास मिळावी. भोजनाचा वेळ आणि नेहमीच्या ये-जा करण्याचा वेळ त्यातून वजा होतो. ही सुट्टी २६ वेतनकालांत, म्हणजे सुमारे एका वर्षात, वापरावी लागते. तिचे पैसे मिळत नाहीत. तिजोरीतून जादा रक्कम न देता कर्मचाऱ्याच्या वेळेची दखल घेणारी ही पद्धत आहे.

युरोपचा अनुभव

युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशाने दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती आणि आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा घालून दिली आहे. या निर्देशात ‘कामाची वेळ’ आणि ‘विश्रांतीची वेळ’ अशा दोनच श्रेणी आहेत. मधली श्रेणी नाही. त्यामुळे प्रवास यांपैकी कोणत्या श्रेणीत पडतो, याचे उत्तर न्यायालयांना द्यावेच लागले.

स्पेनमधील टायको या सुरक्षायंत्रणा बसविणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये आपली प्रांतिक कार्यालये बंद केली. पूर्वी तंत्रज्ञ कार्यालयात येत, तेथून वाहन घेऊन ग्राहकांकडे जात, आणि कार्यालयात पोहोचल्यापासून त्यांचा दिवस मोजला जाई. कार्यालये बंद झाल्यावर ते थेट घरून पहिल्या ग्राहकाकडे जाऊ लागले. हे अंतर कधी १०० किलोमीटरहून अधिक असे, पण कंपनीने तो वेळ विश्रांतीचा मानला. १० सप्टेंबर २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, ज्यांना कामाचे निश्चित ठिकाण नाही त्यांचा पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासूनचा प्रवास ही कामाचीच वेळ आहे. प्रवासात तंत्रज्ञ नियोक्त्याच्या अधीन असतो. नियोक्ता ग्राहकांचा क्रम बदलू शकतो, भेट रद्द करू शकतो. कर्मचारी वाटेत खाजगी कामे उरकतील, ही कंपनीची भीतीही न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. गैरवापर रोखण्याची व्यवस्था करणे हे नियोक्त्याचे काम आहे, असे सांगितले. मात्र त्या वेळेचे वेतन किती द्यावे हा प्रश्न निर्देशाच्या कक्षेबाहेरचा असून तो त्या त्या देशाने ठरवावा, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

निश्चित ठिकाण असलेल्या कर्मचाऱ्याचे काय, याचे उत्तर नॉर्वेतील एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात मिळाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या न्यायालयाने असे मत दिले की, नेहमीच्या ठिकाणाहून भिन्न ठिकाणी नियोक्त्याने पाठवल्यास, नियमित वेळेबाहेर केलेला आवश्यक प्रवास हीसुद्धा कामाची वेळ आहे. प्रवासात किती श्रम पडले हे पाहण्याची आवश्यकता नाही. २०२१ मध्ये आइसलँडच्या एका विमान-तपासनिसाच्या प्रकरणात हीच भूमिका परदेशी प्रवासालाही लागू करण्यात आली.

एक उदाहरण

या भिन्न व्यवस्थांचा अर्थ उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. कोल्हापूर येथील एका कर्मचाऱ्याची कार्यालयीन वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते सायंकाळी ५.३० आहे असे मानू. सोमवारी सकाळी ११ वाजता मुंबईत बैठक आहे. तो रविवारी दुपारी २ वाजता निघून रात्री १० वाजता पोहोचतो. सोमवारी ५ वाजता परत निघून मध्यरात्रीनंतर १ वाजता घरी येतो. एकूण प्रवास १६ तासांचा. त्यांपैकी सोमवारचा अर्धा तास वगळता १५.५ तास कार्यालयीन वेळेबाहेरचे आहेत.

केंद्राच्या दैनिक भत्त्याच्या कोष्टकानुसार रविवारी ७० टक्के, सोमवारी १०० टक्के आणि मंगळवारी ३० टक्के भोजनखर्च देय होईल. १५.५ तासांची नोंद मात्र कोठेही होणार नाही. अमेरिकी श्रम विभागाच्या नियमानुसार रविवारचे २ ते ५.३० हे ३.५ तास कामाचे धरले जातील, उरलेले १२ तास नाहीत. हाच कर्मचारी रविवारी सायंकाळी ६ वाजता निघाला असता तर ते ३.५ तासही गेले असते. तो तेथील केंद्रीय सेवेत असता तर उरलेल्या तासांची, भोजनाचा आणि नेहमीच्या ये-जा करण्याचा वेळ वजा जाता, बदली सुट्टी त्याला मिळाली असती. युरोपीय दृष्टीने सर्व तास कामाचे ठरतील. शिवाय मंगळवारी १ वाजता घरी आलेल्या या कर्मचाऱ्यास ११ तासांच्या विश्रांतीपूर्वी, म्हणजे दुपारी १२ च्या आधी, कामावर बोलावता येणार नाही. आपल्याकडे तो मंगळवारी सकाळी १० वाजता हजेरीपटावर स्वाक्षरी करताना दिसेल.

भारतातील कायदेशीर स्थिती

१९४८ च्या कारखाने कायद्यातील दुप्पट दराने जादा वेतन देण्याचे तत्त्व आता वेतन संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता या दोहोंत आले आहे. दैनिक ८ तासांची मर्यादाही त्यात आहे. पण कार्यालयीन प्रवासाचा वेळ या तासांत धरावा की नाही, याविषयी सर्वसाधारण स्वरूपाची स्पष्ट तरतूद नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने मात्र ‘कामाचे तास’ म्हणजे कामगार नियोक्त्याच्या अधीन असण्याचा काळ, अशी व्याख्या केली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारातील व्याख्याही याच आशयाची आहे. म्हणजे युरोपीय न्यायालयाने लावलेली कसोटी भारतीय कायद्याला अपरिचित नव्हती; ती एका व्यवसायापुरती मर्यादित राहिली, इतकेच. याचा व्यवहारातील परिणाम असा की, एकाच कार्यालयीन वाहनात पुढे बसलेल्या चालकाचा वेळ कामाचा ठरतो आणि मागे बसलेल्या कर्मचाऱ्याचा ठरत नाही.

जादा वेतनाच्या तरतुदींना दुसरीही मर्यादा आहे. त्या मुख्यत्वे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहेत. व्यवस्थापकीय कर्मचारी आणि ठरावीक वेतनावरील पर्यवेक्षक त्यातून वगळले जातात. शिक्षकांच्या बाबतीत तर गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही. अध्यापन हे उदात्त स्वरूपाचे कार्य आहे. हा गौरव स्वीकारताना त्याबरोबर येणारा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. शिक्षकाच्या वेळेचे संरक्षण श्रमकायदा करीत नाही. ते सेवानियमांनीच करावे लागते.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या संदर्भात

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास, वर्षाला ३० आठवडे म्हणजे १८० अध्यापन दिवस असा आहे. सहायक प्राध्यापकाने त्यांपैकी १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. वरील उदाहरणातील १५.५ तास हे या साप्ताहिक कार्यभाराच्या सुमारे ३९ टक्के होतात. एका बैठकीसाठी एवढा वेळ खर्ची पडतो आणि तो कोणत्याही नोंदीत येत नाही, ही बाब लहान नाही.

विनियमांत परिषदा, व्याख्याने आणि तत्सम कामांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची सोय आहे. ती उपयुक्त आहे. पण ती कामाच्या दिवशी अनुपस्थित राहण्याची परवानगी आहे. ज्या दिवशी मुळातच सुट्टी आहे, किंवा जो प्रवास रात्री झाला, त्याला कर्तव्य रजा लागू पडत नाही.

याच रजा-नियमांत एक महत्त्वाचे तत्त्व मात्र आधीपासून अस्तित्वात आहे. दीर्घ सुट्टीत शिक्षकास कामावर बोलावल्यास त्या कालावधीच्या एक तृतीयांश इतकी अर्जित रजा त्याच्या खात्यात जमा होते. याचा अर्थ, घेतलेल्या वेळेची भरपाई वेळेनेच करावी आणि ती पूर्ण नसली तरी ठरावीक प्रमाणात असावी, हे तत्त्व शिक्षण क्षेत्राने मान्य केलेले आहे. कारखाने कायद्यातही साप्ताहिक सुट्टी बुडाल्यास दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी देण्याची तरतूद होती. प्रश्न नवे तत्त्व आणण्याचा नसून मान्य तत्त्वाचा प्रवासाच्या वेळेपर्यंत विस्तार करण्याचा आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, प्रवासात कर्मचारी झोपतो, वाचतो, गप्पा मारतो. मग ते काम कसे? या आक्षेपात तथ्यांश आहे. रात्रीच्या गाडीत शायिकेवर झोपलेला प्रवासी आणि घाटातून मोटार चालवणारा कर्मचारी यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. पण प्रवासी श्रम करीत नाही एवढ्यावरून तो मोकळा आहे असे ठरत नाही. त्याला मुलांची शाळा, आजारी आईवडील वा घरचे कार्य यांच्याकडे जाता येत नाही. वेळ कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा निकष आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक तासाचे जादा वेतन द्यावयाचे ठरल्यास अनुदानित संस्थांना ते झेपणार नाही, हे उघड आहे. १९४७ मधील अमेरिकी अनुभवही हेच सांगतो की, व्याख्या एकाएकी विस्तारली आणि मागील थकबाकीसह लागू झाली तर प्रतिक्रिया उलटी होते. म्हणून भविष्यलक्ष्यी आणि बदली सुट्टीच्या स्वरूपातील व्यवस्था अधिक व्यवहार्य ठरते.

तिसरा आक्षेप असा की, वरिष्ठांच्या वेतनातच अशा प्रवासाचा मोबदला अंतर्भूत आहे. नियुक्तिपत्रात तसे म्हटले असेल तर ते मान्य करता येईल. परंतु तासिका तत्त्वावरील किंवा कंत्राटी शिक्षकाला हे लागू होत नाही. त्याचा मोबदला घेतलेल्या तासिकांवरच ठरतो, आणि प्रवासात गेलेल्या दिवसाची तासिका तो गमावतो. ज्याचे वेतन सर्वांत कमी त्याचाच वेळ सर्वांत स्वस्त मानला जातो, असा या व्यवस्थेचा परिणाम होतो.

सूचना

वरील विवेचनावरून संस्थांच्या पातळीवर पुढील उपाय करता येतील.

१. प्रवासाच्या आदेशात आणि प्रवासभत्त्याच्या देयकात निघण्याची व पोहोचण्याची वेळ लिहिलेली असतेच. त्याच नोंदीवरून कार्यालयीन वेळेबाहेरचे तास वेगळ्या रकान्यात दाखवावेत. त्यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही.

२. वाहन चालविणे किंवा प्रवासात सोपवलेले काम करणे याला पूर्ण, केवळ प्रवासी म्हणून घालवलेल्या वेळेला अंशतः बदली सुट्टी द्यावी. दीर्घ सुट्टीतील कामाचे एक तृतीयांश हे प्रमाण आरंभासाठी आधारभूत मानता येईल. शायिकेवरील झोपेचे तास वगळावेत.

३. रात्री उशिरा परतणाऱ्यास सलग ११ तासांची विश्रांती मिळेल अशा रीतीने दुसऱ्या दिवशीची उपस्थिती ठरवावी. हा उपाय सुरक्षिततेशी निगडित असल्याने त्याला अग्रक्रम असावा.

४. बैठकांच्या वेळा ठरवताना बाहेरगावच्या सदस्यांचा विचार व्हावा. सोमवारी सकाळची बैठक मंगळवारी दुपारी घेतल्यास अनेकांचा रविवार वाचतो. जी बैठक दूरदृश्य प्रणालीद्वारे होऊ शकते तिच्यासाठी प्रवास टाळावा.

५. तासिका तत्त्वावरील शिक्षकास संस्थेच्या कामासाठी पाठवल्यास त्या दिवशीच्या नियोजित तासिका झाल्या असे मानावे.

६. बदली सुट्टी वर्षभरात वापरण्याची मुदत असावी, म्हणजे ती साचून अध्यापनात खंड पडणार नाही.

निष्कर्ष

कार्यालयीन प्रवासात कर्मचारी खर्च, जोखीम आणि वेळ या तीन गोष्टी देतो. भारतीय व्यवस्थेने खर्चाची भरपाई फार पूर्वी मान्य केली, आणि जोखमीची भरपाई १९५८ पासून २०२५ पर्यंतच्या निर्णयांतून व कायद्यांतून हळूहळू विस्तारत नेली. वेळेची भरपाई मात्र या क्रमात मागे राहिली आहे. अमेरिकेने तासांच्या निकषातून आणि बदली सुट्टीतून, तर युरोपने ‘कोणाच्या अधीन’ या निकषातून या प्रश्नाची आपापली उत्तरे शोधली. दोन्ही उत्तरांत मर्यादा आहेत. पण प्रश्न अस्तित्वात आहे हे दोघांनीही मान्य केले आहे.

शिक्षकाचा मोकळा वेळ हा केवळ विश्रांतीचा वेळ नसतो. वाचन, टिपणे, संशोधन आणि पुढील तासिकेची तयारी त्याच वेळेत होते. तो वेळ नोंदीविना खर्ची पडला तर त्याचा परिणाम अखेरीस वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यावर होतो. म्हणून प्रवासाच्या तासांची नोंद ठेवणे, आणि ती ठेवल्यावर तिची योग्य प्रमाणात भरपाई करणे, हा शिक्षकांच्या सोयीचा आणि त्याच वेळी शिक्षणाच्या गुणवत्तेचाही विषय आहे.